आईच्या खिडकीतली रंगीत काच

आई आजारी पडल्यापासून माझा देवाशी अबोला होता. सोयगावकडच्या शेतात जन्मभर राबलेली ही बाई. देवापुढे दिवा लावल्याशिवाय तिनं कधी चहासुद्धा घेतला नाही. तिलाच अर्धांगवायूचा झटका यावा, हे मला पटत नव्हतं. दवाखान्यातून आम्ही तिला संभाजीनगरच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. बोलणं शाबूत होतं, माणसं ओळखत होती. पण तिच्यापुरती जगाची डावी बाजूच नाहीशी झाली होती. ताटात उजवीकडं असेल तेवढंच खायची आणि "संपलं" म्हणायची. डावीकडून हाक मारली तर उजवीकडं शोधायची. एकदा मी तिचा डावा हात उचलून तिच्यासमोर धरला, तर म्हणाली, "ह्यो कुणाचा हात हाय? काढ तिकडं."

डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. तिचं लक्ष सारखं तिकडं वळवत राहा. आम्ही डावीकडं बसून बोललो, बांगड्या वाजवल्या, नातवंडांचे फोटो धरले. मान काही वळत नव्हती. वाळूजच्या कंपनीतून घरी आलो की तिच्या खोलीत जायला माझे पाय जड व्हायचे.

अशात एका दुपारी जेनीताई आल्या. त्या शहरातल्या छावणी भागात राहतात. शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता घरीच रंगीत काचेचं काम करतात. आईच्या आजारपणाआधी माझ्या बायकोनं, सुनंदानं, देवघराच्या खिडकीसाठी त्यांच्याकडं एक काच करायला दिली होती. मी ती गोष्ट पार विसरलो होतो. त्यांनी कापड बाजूला केलं आणि मी, मन नसतानाही, बघत राहिलो. हिरवंगार बेलाचं पान, त्यामागं लालभडक सूर्य, खाली निळं पाणी आणि प्रत्येक तुकड्याभोवती शिशाची काळसर बारीक पट्टी. किती निगुतीनं जोडलं होतं सारं! त्या सांगत होत्या, "शेकडो वर्षांपूर्वी युरोपात ज्यांना वाचता येत नसे, त्यांना चर्चच्या अशा खिडक्यांतूनच देवाच्या गोष्टी कळायच्या. काच वितळतानाच तिच्यात रंग मिसळतात, म्हणून तो तिच्या अंगातच असतो. इंग्रजांबरोबर ही कला आपल्याकडं आली, चर्चमधून बंगल्यांत, मग घराघरांत."

पण देवघराच्या खिडकीबाहेर एव्हाना शेजारची इमारत उभी राहिली होती. ऊन येतच नव्हतं. जेनीताईंनी घरभर नजर फिरवली. "दादा, मावशींच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. तूर्त तिथं टांगू का? उजेड नसला तर काच बोलत नाही."

"टांगा कुठंही," मी म्हणालो. त्यांनी साखळीनं ती चौकट खिडकीच्या जाळीला अडकवली, कोरड्या मऊ कापडानं पुसली आणि आईच्या कपाळावर हात ठेवून गेल्या. ती खिडकी आईच्या डाव्या हाताला आहे, हे तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला चहा पाजत होतो. ऊन वर आलं आणि तिच्या अंथरुणावर रंग उतरले. आईनं बशीवरून तोंड काढलं.

"अगं बाई! कुंकू सांडलं की! कुणी सांडलं रं?"

"कुठं, आई?"

"हे काय, इथं."

तिची मान डावीकडं वळली होती. तिच्या डाव्या हातावर लाल उजेड पडला होता. उजव्या तळव्यानं ती तो पुसायला लागली. रंग पुसणाऱ्या हातावरच चढला. "निघंना रं," ती म्हणाली आणि बराच वेळ डाव्या हाताच्या बोटांकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, "ह्यो माझाच हात हाय व्हय?"

"व्हय, आई. तुझाच."

मी बशी खाली ठेवली आणि सुनंदाला हाक मारली.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, अशी सुधारणा कधीकधी होते. आता तोच धागा धरून ठेवा. आम्ही धरला. आज आई पूर्ण ताट जेवते. हातात पहिलं बळ नाही, चालताना भिंतीला डावा खांदा अजून घासतो; पण डावीकडून हाक मारली की डावीकडंच बघते. जेनीताईंना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी काच कापली, दादा. ऊन थोडंच माझं होतं!"

काच तिथंच राहिली. असं का घडलं, याचा हिशेब मी मांडत नाही. आम्ही जिथं न्यायची ठरवली होती तिथं ती गेली असती, तर आम्हाला ती फक्त सुंदर वाटली असती. आपला बेत मोडतो तेव्हा कुणीतरी आपल्यासाठी दुसरा आखत असेल, एवढं आता मानतो आणि हट्ट सैल सोडतो.

परवा सकाळी आईनं उजव्या हातानं डावा हात उचलला, दोन्ही तळवे जुळवले आणि खिडकीकडं तोंड करून डोळे मिटले. मी दारातच थांबलो. मागायला माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं. मीही हात जोडले.