दारूपुढचं प्रश्नचिन्ह

दवाखान्यात तिला सगळे क्लेमताई म्हणत. विम्याच्या खिडकीत ती इतकी वर्षं बसलेली, की खरं नाव विचारलं असतं तर निम्मा स्टाफ एकमेकांची तोंडं पाहत राहिला असता. घाबरेघुबरे नातेवाईक खिडकीशी आले की ती आधी त्यांना बसवायची, पाणी द्यायची, आणि मग कार्ड मागायची.

तिचं आणि मोठ्या डॉक्टरांचं छान जमायचं. डॉक्टर केसपेपरवर आजार मोघम लिहीत. ‘पोटाचा विकार’, ‘तीव्र अशक्तपणा’ असलं काहीतरी. झोपेच्या गोळ्या गिळून आलेली मुलगी असो की पिऊन जिन्यावरून घरंगळलेला कुणी, कागदावर सगळे अब्रूनं घरी जायचे. विमा कंपनीही फार खोलात शिरत नसे.

मग नवा नियम आला. प्रत्येक आजाराला ठरलेल्या यादीतला आकडी कोड लावायचा, सगळ्या दवाखान्यांत एकच यादी. त्याशिवाय क्लेम पुढे जाणार नाही. हे काम करायला एक बाई आली. क्लेमताईच्या शेजारी, चादरी ठेवायच्या खोलीत तिचं टेबल लागलं. मध्ये नुसती काच. पहिल्याच दिवशी वॉर्डबॉयनं तिचं ‘आकडेवाली’ असं बारसं करून टाकलं.

आकडेवाली कुणाशी बोलत नसे, डबा एकटीच खायची आणि केसपेपर परत पाठवायची. “गुडघा कोणता, डावा की उजवा?” “अशक्तपणा कशामुळे?” मोठे डॉक्टर वैतागले. “माझ्या अक्षराचा पंचनामा करायला बसवलीय की काय हिला!”

क्लेमताईच्या मनात पाल चुकचुकली. ही कंपनीचीच माणूस असणार. पाणी प्यायच्या निमित्तानं ती काचेशी उभी राहायची आणि तिरक्या नजरेनं स्क्रीन बघायची. काही ओळी लाल दिसायच्या. लाल म्हणजे नामंजूर, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. “कुठंतरी पाणी मुरतंय,” ती नर्सला म्हणाली. “आपल्याच माणसांचे क्लेम पाडायला हिला आपल्यातच आणून बसवलंय.”

त्याच सुमारास तिचा दादा दवाखान्यात आला.

दादा शाळेची बस चालवायचा. गेल्या वर्षभरात त्याचं काहीतरी बिनसलं होतं. दिवसा पेंगायचा, बोलताना जीभ जड व्हायची. एकदा तर रोजचा रस्ता विसरून त्यानं मुलांनी भरलेली बस चौकाच्या मधोमध उभी केली. पालकांनी ओरडा केला आणि शाळेनं त्याला घरी बसवलं. दारूच, दुसरं काय! दादा शपथा घ्यायचा. वहिनीनं कपाटं उपसली, पाण्याच्या टाकीमागे हात घालून पाहिलं. बाटली काही सापडली नाही. त्यावरून तिनं एवढाच निष्कर्ष काढला, की हा माणूस लपवण्यात पटाईत आहे.

आता त्याचं पोट पाण्यानं टम्म फुगलं होतं आणि तो बरळत होता. सोनोग्राफीत यकृत आक्रसलेलं दिसलं, सिरोसिस. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, “दारू?” दादाला उत्तर देण्याची शुद्ध नव्हती. क्लेमताईच म्हणाली, “घेत असेल. कबूल करत नाही.” डॉक्टरनं लिहिलं, ‘सिरोसिस. दारू?’

दारूच्या आजाराला विमा मिळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. “नेहमीसारखं मोघम लिहा ना.”

“मोघमाचे दिवस गेले,” ते म्हणाले. “तुझी शेजारीण परत पाठवेल.”

आणि केसपेपर परत आलाच. क्लेमताई तरातरा आत गेली. “माझ्याच भावाचा कागद बरा सापडला तुम्हाला!”

आकडेवालीनं चष्मा काढला. “तुमचा भाऊ आहे हे मला आत्ता कळतंय.”

“मग अडवलात कशाला?”

“दारूनं झालेल्या सिरोसिसचा कोड वेगळा, दुसऱ्या कारणानं झालेल्याचा वेगळा. प्रश्नचिन्हाला कोड लावता येत नाही. ते पितात, हे कुणी पाहिलंय?”

क्लेमताई आठवू लागली. वहिनीनं पाहिलं नव्हतं. शाळेनं पाहिलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही.

“चालताना झोक जातो,” ती कशीबशी म्हणाली.

“ते कशानं, हे मी नाही सांगू शकत, मी डॉक्टर नाही. मी डॉक्टरांना कारण विचारलंय, एवढंच. उत्तर यायचं असलं की ओळ इथं लाल दिसते.”

क्लेमताई बाहेर आली ती धुसफुसतच. ही गोड बोलून आपल्याच तोंडून ‘दारू’ वदवून घेणार, असं तिला वाटत राहिलं.

मोठ्या डॉक्टरांना प्रश्नाचा राग आला, पण उत्तर देणं भाग होतं. औषधांनी दादा जरा शुद्धीवर आल्यावर ते खुर्ची ओढून त्याच्याशी एकटेच बोलत बसले. मग आणखी तपासण्या झाल्या. वॉर्डाबाहेर वहिनी आणि क्लेमताई उभ्या होत्या. डॉक्टर चष्मा पुसत आले.

“दारूचा संबंध नाही. जुना मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी. यकृत रक्त साफ करेना, म्हणून रक्तातलं विष डोक्यात चढत होतं. पेंग, बरळणं, सगळं त्यानंच.” थोडं थांबून ते म्हणाले, “हे मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं.”

वहिनी तशीच आत त्याच्या खाटेकडे गेली.

संध्याकाळी दादा उशीला टेकून बसला होता. “तुझ्या वहिनीचं मी समजू शकतो,” तो म्हणाला, “ती घाबरली होती. पण तू? तू तर दवाखान्यात बसतेस.”

तिनं उगाचच चादर नीट केली.

क्लेम मंजूर झाला. बस मात्र परत मिळाली नाही. गाडी चालवायला डॉक्टरांनीच मनाई केली. शाळेतून दोघं भेटायला आले, तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

म्हणून क्लेमताईचा कोडवर विश्वास बसला, असं काही झालं नाही. पुढच्याच महिन्यात एक रंगारी पिऊन शिडीवरून पडला. पूर्वी तो नुसता ‘पडल्याने दुखापत’ म्हणून सुटला असता. आता खरं कारण लिहावं लागलं, त्याचा कोड लागला आणि क्लेम फेटाळला गेला. त्याची बायको खिडकीशी रडत राहिली. क्लेमताई काचेपलीकडे गेली. “हेही तुमच्याच आकड्यांनी.”

“हो,” आकडेवाली म्हणाली. तिनं मान वळवली नाही, की सारवासारवही केली नाही.

ती चांगली की वाईट, हे क्लेमताईला आजही ठरवता येत नाही. तिच्यावरची नजर तिनं काढलेली नाही.

दादाकडे जायचा धीर तिला बरेच आठवडे झाला नाही. गेली, तेव्हा दार त्यानंच उघडलं. तो बाकावर जाऊन बसला, सरकला आणि त्यानं तिला जागा करून दिली. मग तो एकदम म्हणाला, “मीठ बंद केलंय तुझ्या त्या डॉक्टरनं. जेवण आहे की शिक्षा!”

“माझा कुठला डॉक्टर,” ती म्हणाली, आणि तिनं डोळे पुसले.

“तुझाच,” दादा म्हणाला. “जाऊन सांग त्याला.”