सखूचं पान

शिक्षकांच्या शिबिरात बाई सांगायल्या, "काही लेकरांच्या डोळ्यापुढं अक्षरं ठरत न्हाईत. ती कानानं शिकतात. हसू नका त्यांना." अन् हातातल्या कोऱ्या पुस्तकाच्या वासानं मला थेट पिंगळी गावाकडच्या आमच्या शाळेत नेलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. मधल्या सुट्टीत वर्गातली सखू रोज मला म्हणायची, "नकल्या, धडा वाच की." मी गुर्जींसारखा खाकरत वाचायचो, ती लय हसायची.

मग तपासणीचे साहेब आले. पुस्तक धरून सखूनं धडा घडाघडा म्हणला, माझ्या खाकरण्यासकट. मी वरडलो, "गुर्जी, हिचं पान दुसरंच हाय!"

सगळा वर्ग हसला. सखू बी हसली, अन् तिनं पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवसापासून ती आईसोबत खुरपायला जाऊ लागली.

अजून कुणाचाबी आवाज काढतो मी. सखूचा तेवढा निघत न्हाई.