ह्यांचं विमान

पंचेचाळिशी ओलांडल्यावर आमच्या ह्यांनी कॉम्प्युटरवर विमान उडवायचं मनावर घेतलं, तेव्हा निम्म्या काटेवाडीला वाटलं की डोळ्यांबरोबर ह्यांचं डोकंही गेलं. एक चुलत सासूबाई तर तोंडावर म्हणाल्या, "देवाधर्माला जायचं सोडून ह्यो खेळ कसला मांडलाय?" मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. राग मलाही आला होता, पण तो ह्यांच्यावर नव्हता.

हे लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचे. एक दिवस बाजूने चालत येणारा माणूस ह्यांना दिसलाच नाही. त्याच्या पायाच्या अंगठ्यावर निभावलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर कडेकडून जात चालली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि समोरचंही हळूहळू आकसत जाणार. औषध नाही, ऑपरेशन नाही. किती वर्षं राहील म्हणून विचारलं, तर म्हणाले, सांगता येत नाही. एवढं शिकून एवढंच सांगता येत असेल तर शिकता कशाला, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. कारखान्याने ह्यांना गाडीवरून उतरवून पॅकिंगला बसवलं.

 एसटीने घरी आल्यावर ह्यांनी हातपाय धुतले आणि म्हणाले, "एकदा बारामतीच्या धावपट्टीवर इमान उतरवायचं हाय. दिसतंय तवर."

आमच्या उसावरून बारामतीची शिकाऊ विमानं रोज घिरट्या घालतात. मी वरकुट्याहून लग्न होऊन आले तेव्हा मान दुखेपर्यंत बघायची, पुढे सवय झाली आणि आवाजही कानात शिरेना. ह्यांना मात्र कधी सवय झालीच नाही. पाण्याची पाळी चालू असली तरी हे बांधावर उभे, तोंड वर, आणि पाणी भलत्याच सरीत. खऱ्या विमानात बसायचं आमच्या आवाक्यात नव्हतं. कॉम्प्युटरवर अगदी तसंच उडवता येतं, बारामतीसुद्धा आहे त्यात, हे ह्यांना पॅकिंगच्या पोरांनी सांगितलं.

मग आम्ही भिगवण रोडच्या एका दुकानात गेलो. दुकानदार भला होता. म्हणाला, "तात्या, नवं मशीन घेऊच नका. कंपन्यांनी काढलेलं जुनं देतो, त्यात रॅम वाढवतो, एसएसडी टाकतो. ह्या खेळाला खरी ताकद ग्राफिक्स कार्डाची लागती. कार्ड चांगलं घ्या आन् स्क्रीन ल्हान घ्या."

"आन् स्क्रीन मोठी घेतली तर?" ह्यांनी विचारलं.

"मग कार्ड साधं टाकावं लागंल. झाडं, घरं कायबी नीट दिसणार न्हाय. तुमच्या बजेटात दोन्ही बसत न्हाय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी घरी ब्लाउज शिवते. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना झाला की दिवा मोठा लावते. नजर अधू तर चित्र मोठं हवं, यात विचार करायचं ते काय? घरून निघताना थोरल्या दिरांनीही तेच सांगितलं होतं. हे भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या स्क्रीनपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हीच." डोळ्यांचं दुकानदाराला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. असलं काही दुकानात कोण सांगत बसतं?

पहिल्या दिवशी घरात नुसती जत्रा. दीर, जाऊबाई, शेजारी, सगळे भिंतीला टेकून. विमान धावपट्टीवरून सुटलं आणि खाली जिकडेतिकडे सपाट तपकिरी रान. काटेवाडी नाही, ऊस नाही, एक झाड नाही. "आपला ऊस कुनी तोडून न्हेला?" असं दीर म्हणाले आणि सगळे हसले. हे हसले नाहीत. ह्यांची मान एकसारखी हलत होती. डावीकडे वेगाचा आकडा, उजवीकडे उंचीचा, मधे धावपट्टी. आकडा सापडला की धावपट्टी हरवायची. धावपट्टी शोधेपर्यंत विमान जमिनीत घुसायचं. प्रत्येक वेळी बघणारे "आरारारा" करायचे. तासाभरात पांगले सगळे.

लोक गेल्यावर ह्यांनी खुर्ची दोन हात मागे घेतली. मग आणखी मागे. विमान वळवायच्या दांड्याची, म्हणजे जॉयस्टिकची, वायर ताणली गेली तेव्हा थांबले.

"अहो, इतकी मोठी आणलीय ती लांबनं बघाया?" मी म्हटलं.

"जवळनं तुकडाच दिसतोय गं," हे म्हणाले. "लांबनं समदं मावतंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांच्या डोळ्यात जागाच थोडी उरली होती. तिथे लहान स्क्रीन अख्खी मावली असती, आणि आम्ही दुकानातली सगळ्यात मोठी स्क्रीन आणून ठेवली होती. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. बदलून आणू म्हटलं तर हे ऐकेनात. दुकानदाराला कारण सांगावं लागेल, ते नको होतं. लांब वायर तेवढी मागवली.

मग रोज कारखान्याच्या बसमधून उतरून आले की चहा, आणि मग विमान. लांबून आकडे वाचता येईनात, म्हणून ते माझ्याकडे आले. मी शिवण बाजूला ठेवून स्क्रीनजवळ उभी राहायची आणि वेग, उंची ओरडून सांगायची. बाकीचं हे करायचे. दिवाळीला खुर्ची पलंगापाशी होती. संक्रांतीला माझ्या शिलाई मशीनच्या मागे गेली. पुण्याच्या डॉक्टरांना मशीन लावून जे कळायचं ते मला केर काढताना कळायचं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. फरशीवरच्या खुर्चीच्या खुणा मी पुसून टाकायची.

उन्हाळा लागला तेव्हा खुर्ची उंबऱ्याला टेकली होती. एक दिवस मी आकडे सांगत होते आणि धावपट्टी बरोबर मधोमध, सरळ येत राहिली.  "आता नगं सांगू," हे म्हणाले. मी गप्प झाले आणि हळूच भिंतीच्या कडेने त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिले. चाकं टेकली. एक धक्का, मग विमान धावत गेलं, हळू झालं, थांबलं.

कित्येक वर्षांत ह्यांना इतकं हसताना मी बघितलं नव्हतं.

"बघितलंस का गं?" हे म्हणाले आणि स्क्रीनच्या बाजूला, मी आधी होते तिकडे बघितलं. तिथे मी नव्हते. मग शिलाई मशीनकडे बघितलं, मग पलंगाकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. तोंडावरचं हसू तसंच होतं, आणि ते हसू घेऊन हे घरभर मला शोधत होते. मी हातभर अंतरावर उभी होते. 

शेवटी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा हे दचकले.