मुंजाजीचं धुराचं पाणी

आमच्या शेजारच्या मुंजाजीचा हुंगल्याशिवाय कशावरच विश्वास बसत नाही. खताची गोणी असो की पाहुण्याच्या घरची भाजी, आधी नाक. तानुवहिनी सांगतात, "मला बघाय आले तवा माझ्याकडं बघितलंच न्हाई. आमची लोणच्याची बरणी हुंगली अन् होकार दिला."

गेल्या साली त्याच्या म्हशीचं रेडकू नाळ पिकून गेलं. ते त्याच्या मनातून जाईना. अशात मोबाईलवर त्यानं बघितलं, की कुठं कुठं लोक लाकडाच्या धुराचं पाणी करतात आणि जंतू मरावेत म्हणून गोठ्यात वापरतात. झालं! जुन्या पिंपात कापसाच्या पऱ्हाट्या कोंडल्या, खाली जाळ घातला. पिंपाला लांब नळी, नळीवर ओलं पोतं. टोकातून थेंब थेंब तपकिरी पाणी.

"लोकाच्या घरातून सोन्याचा धूर निघतो," मी म्हटलं, "तू पऱ्हाटीचाबी बाटलीत भरायलास!"

"हस तू, बन्स्या. म्हस व्याऊ दे, मग बघ."

परवा सकाळी म्हैस व्याली. तळाचं डांबर सोडून वरचं निवळ पाणी त्यानं पातळ करून घेतलं. नाळेपुरतं बोट लावलं असतं तरी भागलं असतं. पण हौस दांडगी! अख्खं रेडकूच पुसून काढलं. म्हशीनं हुंगलं, फुरफुरली आणि लाथ झाडली.

"तिला वाटायलंय, तू भरताचं वांगं भाजून आणलंस," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. चीक पोटात गेला नाही तर रेडकू जगायचं कसं? पिळून पाजावा, तर म्हैस कासेला हात लावू देईना. मुंजाजीनं रेडकू धुतलं, म्हशीनं चाटावं म्हणून अंगाला गूळ चोळला. वास हटेना. रेडकाचे पाय लटपटले, ते खाली बसलं.

तानुवहिनी बाहेर आल्या. "आवो, धुरी काय नुस्ती लेकराला देत्यात व्हय? बाळंतिणीला कोण देणार?"

उरलेल्या धुराच्या पाण्यात फडकं बुडवून त्यांनी म्हशीची मान, कपाळ, नाकाभोवती सगळं पुसलं. म्हैस शिंकली. मग आम्ही रेडकू पुढं सरकवलं. तिनं ते हुंगलं. मान वळवून स्वतःची पाठ हुंगली. पुन्हा रेडकू. चेहरा असा, की लग्नात कुणीतरी ओळख दिली पण नाव आठवेना. शेवटी घशातून बारीक हुंकार काढला आणि चाटायला लागली. रेडकू धडपडत खाली शिरलं, कासेला ढुशा दिल्या. तोंडाला पिवळा फेस आला.

मुंजाजीनं डोळे पुसले, पण डोकं काही गप्प बसेना. "तिला वास कळंना झाला, का आपलाच वाटाय लागला?"

"ते तिलाच इचारा," वहिनी म्हणाल्या.

हा खरंच वाकला. धुरानं त्याचंही अंग माखलेलं. म्हशीनं हनुवटीपासून टकलापर्यंत एकच जीभ फिरवली.

"जुळं झालं गं बाई तुला," मी म्हटलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तानुवहिनी हसल्या.