बाईचा आवाज बारीक येतो

माजलगावच्या बाजारात माझं गाण्याचं दुकान आहे. पाटीवर आता मोबाइल रिपेअरिंग असं लिहिलंय, पण गिऱ्हाईक अजून गाण्याचं दुकानच म्हणतं. आधी कॅसेटी विकल्या, मग सीड्या, आता मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह भरून देतो. घरोघरी मोबाइल असताना हा धंदा कसा चालतो, असं काही शहाणे विचारतात. त्यांनी एकदा ऊसतोडीला जाऊन बघावं. उसाच्या फडात रेंज नसते आणि ट्रॅक्टरचा टेप पेनड्राइव्हवर वाजतो. दसरा जवळ आला की टोळ्या निघायच्या तयारीला लागतात आणि माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही.

माझ्याकडे सगळ्यात जास्त खपलेला गाणारा म्हणजे उमापूरकडचा एक मेंढपाळ. सगळेच त्याला मामा म्हणतात, मीही; तो मला आप्पा म्हणतो. गाणी स्वतः रचायची, स्वतःच ढोल वाजवत गायची. मागून त्याची बायको झील धरायची. म्हणजे त्याने ओळ म्हणायची, तिने ओळीचे शेवटचे शब्द उचलून पुन्हा म्हणायचे, आणि तेवढ्यात त्याने दम घ्यायचा. कॅसेटच्या कव्हरवर फोटो मात्र त्याच्या एकट्याचा, फेटा बांधलेला, खांद्यावर घोंगडी. तिचं नाव कुठंच नाही. ते कुणालाच कधी खटकलं नाही.

ती दुकानात एकदाच आली होती. आत नाही आली, पायरीजवळच उभी राहिली. मी मुद्दाम त्यांचीच कॅसेट लावली. तिने पदर तोंडाला लावून स्वतःचा आवाज ऐकला आणि नवऱ्याला म्हणाली, "ही कोण बाई हाय? लई वरडती." मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी चहा मागवला, तो तिने माझ्याकडे पाठ करून प्यायला. तिला मी पाहिलं ते एवढंच. आवाज मात्र पंधरा-वीस वर्षं माझ्या दुकानात राहायला होता.

मग ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मामाने ढोल खुंटीला टांगला आणि मेंढरं पुतण्याच्या हवाली केली. आता हा माणूस पुन्हा गात नाही, असं मी धरूनच चाललो होतो. पण मागच्या वर्षी त्याचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. मुलाचा लग्नाबिग्नात साऊंड लावायचा धंदा आहे. म्हणाला, "आबानं नवी गाणी केलीत. अल्बम काढलाय. वाजवा जोरात."

वाजवला. आवाज म्हातारा झाला होता, पण शब्द पूर्वीपेक्षा चांगले होते, हे मी मामाला तोंडावर सांगितलं. एक गाणं मुक्कामाचं पाल, म्हणजे मेंढपाळांचा तंबू, हलवण्यावर आहे. "मेंढरं गेली म्होरं, मागं राहिली चूल", एवढं म्हणून तो थांबतो. नुसता ढोल हलकेच वाजत राहतो, एका ओळीइतका. मग पुढची ओळ. सगळ्या गाण्यांत हे असंच आहे. जिथं ती झील धरायची, तिथं त्याने कुणालाच उभं केलं नव्हतं. जागा तेवढी सोडली होती.

बाजाराने लगेच निकाल दिला. डीजेवाली पोरं म्हणाली, "ह्याच्यावर नाचता येत न्हाई बे." हॉटेलातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, मामाचं वय झालं म्हणाले. मोबाइलवर गाण्याखाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि ज्याला हात जोडतो त्याचं गाणं कुणी पुरं ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे. मग एका रविवारी शहरातल्या पेपरच्या पुरवणीत चांगलं ऐसपैस परीक्षण आलं. मामाला वाचता येत नाही. तो पेपर घेऊन माझ्याकडे आला, मुलगाही सोबत होता. म्हणाला, "वाचा आप्पा. काय गाळू नका."

मी वाचलं. लिहिणाऱ्याने शब्दांचं कौतुक केलं होतं, जुन्या दिवसांची आठवण काढली होती. पण पुढं म्हटलं होतं की गायकाचा श्वास आता पुरत नाही, प्रत्येक ओळीनंतर तो थांबतो आणि गाण्यात मोकळ्या जागा पडतात. साथीला एखादा तरुण आवाज घेतला असता तर बरं झालं असतं. माणूस वाईट नव्हता, मन लावून ऐकून लिहिलं होतं. तरी मला राग आला. मी पेपरची घडी करून गल्ल्याखाली टाकली.

मामाने तोंड रस्त्याकडे वळवलं. मग म्हणाला, "म्हंजी तिची जागा कुणाला दिसलीच न्हाई."

मुलाने आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. संभाजीनगरला एक मुलगी आहे, गोड गाते. स्टुडिओ बघून ठेवलाय. झिलीच्या जागी तिचा आवाज भरायचा आणि अल्बम नव्याने टाकायचा. त्याचंही खोटं नव्हतं. बापाला लोक संपलेला म्हणतात, ते त्याला सहन होत नव्हतं. "आबा, आईची जागा रिकामी ठिवून आई येती का माघारी?" तो म्हणाला. असं बोलायला नको होतं, पण तो बोलला.

"जाऊ उद्या," मामा म्हणाला. "भर कुनाचा बी." अगदी सहज म्हणाला.

तेवढ्यात एक बाई दुकानात आली. नांदूरघाटकडची, टोळीतली. कर्नाटकाकडे निघालेला त्यांचा ट्रॅक्टर बाहेर उभा होता, ट्रॉलीत भांडीकुंडी, खाटा, वर बसलेली लेकरं. तिने पेनड्राइव्ह माझ्यासमोर आपटला.

"दादा, काय भरून दिलंय हे? बदलून द्या. मामाचा आवाज नीट हाय, पर बाईचा लई बारीक येतोय."

मला वाटलं, जुनी गाणी भरून दिली असतील. लावून बघितलं, तर नवाच अल्बम.

"ह्यात बाई न्हाईच," मी म्हणालो.

"न्हाई कशी? टोळीत समद्यांला येतीय ऐकू. मालक म्हनले टेप बिघडला, म्हनून दुसऱ्या ट्रॅक्टरवर लावून बघितलं. तिथं बी तसंच. लांबून आल्यावानी."

मामा उठून उभा राहिला. ती त्याला ओळखत नव्हती. कव्हरवरचा फेटेवाला माणूस तो हा नव्हताच आता. "कुठं येतोय बारीक? दाव, बाई," तो म्हणाला. ती स्पीकरजवळ सरकली. मी चुलीचं गाणं लावलं. मागं राहिली चूल, एवढं झालं, ढोल हलका झाला, आणि तिने बोट वर केलं.

"हे बघा. हितं. म्हनती बघा, राहिली चूल. येतंय का ऐकू?"

मी शंकराचा माणूस आहे, गळ्यात लिंग आहे. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दुकानातून उठवून लावतो. पण खोटं कसं लिहू? मला ऐकू आला. अगदी बारीक, पदर तोंडाशी धरून म्हटल्यासारखा. मी काउंटरची कड घट्ट धरली. मुलाकडे बघितलं तर तो खाली मान घालून उभा होता, त्याचे ओठ हलत होते.

मामाने कान स्पीकरला लावला. "परत लावा." मी लावलं. "अजून एकदा." मी पुन्हा लावलं. मग त्याने आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं.

"समद्यांला येतंय," तो म्हणाला. "मलाच कावून न्हाई येत, आप्पा?"

मी गाणं बंद केलं. त्या बाईला आता काहीतरी उमगलं असावं. तिने पेनड्राइव्ह उचलला आणि हलक्या आवाजात विचारलं, "बदलून मिळंल का न्हाई?"

"न्हाई," मामाच म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. हाय तसाच वाजवा."

ट्रॅक्टर गेला. मुलाने डोळे पुसले आणि उद्याचं काय, असं विचारलं. मामा म्हणाला, "जायचं न्हाई. मला न्हाई येत ऐकू, तर न्हाई. पर तिथं दुसरी बाई घातली, तर ज्यांला येतीय ऐकू, त्यांच्यातून बी ती जाईल."

त्यानंतर मी कुणालाही हे मुद्दाम सांगितलं नाही, तरी तशाच आणखी तक्रारी आल्या. मी कुणाचा पेनड्राइव्ह बदलून दिला नाही. काही गिऱ्हाइकं भांडून गेली. परीक्षण लिहिणाऱ्याला एक पत्र टाकावं असं मनात येतं, पण त्यात लिहू काय?

मामा दर बाजारच्या दिवशी येतो. पायरीजवळ बसतो, जिथं ती उभी होती तिथंच. त्याने न सांगताच मी चुलीचं गाणं लावतो. सुरुवातीला तो ती जागा आली की डोळे मिटून कान द्यायचा. आता तसं करत नाही. ओळ संपते, ढोल हलका होतो, आणि तो रस्त्यावर ऐकत थांबलेल्या माणसांच्या तोंडाकडे बघत राहतो.