अपेक्षित प्रतिसाद

शनिवारची सकाळची शाळा सुटली आहे, आणि रोहिणी मगदूम चित्रकलेच्या खोलीत बसल्या बसल्या पेंगते आहे. झोपलेली नाही, पेंगतेच आहे. हातातली पेन्सिल अजून कागदावर टेकलेली आहे, फक्त अक्षरं खाली घसरायला लागली आहेत. ‘विद्यार्थी’ या शब्दातल्या शेवटच्या वेलांटीचं शेपूट तर थेट समासात उतरलं आहे.

पुढ्यात आहे ते सोमवारच्या पाठाचं टाचण. सहावीपासून दहावीपर्यंत सामाजिक-भावनिक शिक्षण नावाचा नवा तास सुरू झालाय, आणि नवं काहीही सुरू झालं की ते कुणाच्या गळ्यात पडतं हे त्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. रोहिणी मराठी शिकवते. भावना म्हणजे मराठीच की, असं म्हणून हेडसरांनी प्रशिक्षणाला तिचं नाव दिलं. तिथे तिने फुगे फुगवले, डोळे मिटून श्वास मोजले, एका अनोळखी बाईला मिठी मारली आणि त्या सगळ्याचे फोटो लिंकवर चढवले. घरी येऊन पोळ्या केल्या, त्याचा फोटो कुणी मागितला नाही.

आता सोमवारी पहिला पाठ, नववी ब वर. विषय आहे ‘दुःख ओळखणे व व्यक्त करणे’. हा विषय दुसऱ्या कुठल्याही वर्गाला चालला असता.

कारण असं, की हा तास मुळात मुजावर सरांचा. सलीम मुजावर, चित्रकला शिक्षक, आषाढात एका पहाटे झोपेतच गेले. त्यांची जागा भरली गेली नाही, आणि रिकामा तास शाळेला बघवत नाही, म्हणून त्या तासावर भावना आल्या. ते गेले त्या दिवशी प्रार्थनेनंतर शोकसभा झाली, सगळे खाली माना घालून उभे राहिले, आणि मग हेडसर म्हणाले की आता शाळा सोडण्यात येत आहे. त्याबरोबर नववी ब च्या रांगेतून आनंदाची आरोळी उठली. वर्षानुवर्षांच्या सवयीची आरोळी ती, बातमी डोक्यात शिरायच्या आधी घशातून निघून गेलेली. पहिला आवाज आरती थोरवतचा होता. वर्गातल्या सगळ्यांत चांगल्या हाताची मुलगी, सरांची लाडकी. पर्यवेक्षकांनी तिला पुढे ओढून सगळ्या शाळेसमोर विचारलं, “सर मेले त्याचा आनंद झाला काय गं तुला?”

तेव्हापासून आरती शेवटच्या बाकावर बसते. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणते, तेवढंच. एक दिवस येऊन तिने आपली रंगपेटी रोहिणीच्या हातात दिली, म्हणाली, “शाळेत ठेवा, बाई. मला नको.” रोहिणीने ती कपाटात ठेवली. पोरगी हातची चाललीय हे तिला दिसतंय, आणि तिला थांबवायला आपल्याजवळ काही नाही हेही दिसतंय.

टाचणात दोन रकाने असतात. डावीकडे शिक्षक काय करणार, उजवीकडे ‘अपेक्षित प्रतिसाद’. उजवीकडे रोहिणीने लिहिलंय: विद्यार्थी आपले दुःख मोकळेपणाने सांगतील. विद्यार्थ्यांना हलके वाटेल. वाचताना तिला स्वतःचीच कीव येते, पण आज टाचण देऊन जायचंय. ती डोळे मिटते. मिनिटभरच.

“जेवला काय, मॅडम?”

मुजावर सर समोरच्या स्टुलावर बसलेत. तोच फिकट निळा शर्ट, खिशात तेच कोंबड्याचं पीस. खोडरबराचा चुरा हाताने झाडला तर चित्राला घाम लागतो, म्हणून ते पिसाने झाडायचे आणि कागदाच्या कोपऱ्यात त्याची छोटी रास करून ठेवायचे. पोरं त्या राशीला सरांचं पीठ म्हणायची.

“नाही अजून,” रोहिणी म्हणते. तिला आश्चर्य वाटत नाही. एवढंच वाटतं, की सरांनी मस्टरवर सही केली नसणार.

“मग बसा. मीच खातो.” टेबलावर चित्र काढायला ठेवलेली मेणाची केळी आहेत. त्यातलं एक ते सोलतात आणि खायला लागतात. केळं चांगलं पिकलेलं आहे, खोलीभर वास येतो.

“तुमचा तास मला दिलाय, सर.”

“बरं झालं की. नाहीतर पोरांना मैदानावर गवत काढायला लावलं असतं.” ते टाचण आपल्याकडे फिरवून वाचतात. “विद्यार्थी दुःख सांगतील. कधी?”

“पंधराव्या मिनिटाला.”

“आणि हलकं कधी वाटणार?”

“तिसाव्या. मग मूल्यमापन.”

सर गंभीरपणे मान हलवतात. “आणि न्हाईच सांगितलं तर?”

“रकाना रिकामा सोडता येत नाही, सर.”

“व्हय, ते हाय,” सर म्हणतात आणि जिना उतरायला लागतात. रोहिणी त्यांच्या मागे आहे. जिना शाळेचाच, कठड्यावर पोरांनी कर्कटकाने कोरलेली नावंसुद्धा तीच, पण खाली व्हरांडा नाही. खाली पिठाची गिरणी आहे. पट्टा फडफडतोय, हवा पांढरी झालीय. डब्यांची रांग लागलीय आणि प्रत्येक डब्यामागे नववी ब मधलं एकेक पोर मांडी घालून बसलंय, गणवेशात, हाताची घडी. शेवटी आरती. तिच्या डब्याचं झाकण घट्ट लावलेलं आहे आणि त्यावर तिने दोन्ही हात ठेवलेत.

“शाळा सोडली ना त्या दिवशी?” सर विचारतात. त्यांच्या भुवयांवर पीठ बसलंय.

“सोडली.”

“पोरं ओरडली?”

रोहिणीला गिरणीच्या आवाजात ऐकू आलेलं नाही. म्हणजे आलंय, पण ती ऐकू न आल्यासारखं दाखवते. मेलेल्या माणसाला हे कसं सांगायचं, प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. ती रांगेकडे बघते. पोरं तिच्याकडे बघतायत.

“मॅडम. ओरडली काय न्हाई?”

“ओरडली.”

“जोरात?”

“जोरात, सर.”

“पहिली कोण?”

आता खोटं बोलावं असं तिला फार वाटतं, पण इथे ते जमत नाही. “आरती.”

सर हसायला लागतात. तोंडाने नाही, आधी खांद्यांनी हसतात, त्यांची ती जुनी पद्धत. भुवयांवरचं पीठ गळून शर्टावर पडतं. “घसा हाय पोरीला,” ते म्हणतात. “मी कितीदा म्हटलं, जरा मोठ्यानं बोल. अखेर बोलली म्हणायची.”

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“मला? अहो, मी सातवीत असताना आमचे गणिताचे मास्तर गेले. शाळा सोडली. आम्ही सगळी पोरं सुटलो ते थेट कालव्यावर.”

ते कालव्याच्या काठावर बसलेत. दोघांचेही पाय पाण्यात आहेत. रोहिणीच्या साडीचा काठ भिजतोय आणि तिला त्याचं काही वाटत नाही, हेच जरा नवल आहे. पाण्यातून डबे वाहत चाललेत, एकामागून एक, सावकाश.

“दिवसभर पोहलो,” सर सांगतात. “डोळं लाल झालं. असला भारी दिवस परत आला न्हाई बघा. रात्री अम्मीनं ताट वाढलं. ताटात कांदा. आमचे मास्तर रोज माझ्या डब्यातला कांदा मागून खायचे. ‘सलीम, कांदा आणलास काय रं?’ आता उद्या कुणाला द्यायचा? तेव्हा कळलं मला, मास्तर मेले. ताट तसंच ऱ्हायलं.” ते पाण्यात पाय हलवतात. “सकाळी शाळेत ‘आता रडा’ म्हणून उभं केलं असतं तर कुठनं आणलं असतं?”

रोहिणी खाली बघते. तिच्या मांडीवर टाचण आहे आणि ते भिजत नाहीये.

“तुम्ही काय केलंत?” सर विचारतात.

“कधी?”

“त्या दिवशी. सुट्टी मिळाल्यावर.”

“मी? दळण टाकलं. सासऱ्यांच्या गोळ्या आणल्या.” ती थांबते. “मग झोपले, सर. उन्हं कलेपर्यंत झोपले. किती महिन्यांनी दुपारी पाठ टेकली होती. बरं वाटलं मला.”

“वाटणारच. दमलाय तुम्ही.”

एवढंच म्हणतात ते, केळी पिकलीत म्हणावं तसं. पण हे वाक्य तिला गेल्या कित्येक वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. घरात नाही, शाळेत नाही, तिने स्वतःसुद्धा नाही.

“आणि मग? रडलात कधी?”

“कधी रडणार? दुसऱ्या दिवशी तुमच्याच तासाला मला बदली पाठवलं. मग चाचण्या, मग पेपर, मग हे प्रशिक्षण. एक तास मोकळा नाही.”

“हा हाय की,” सर म्हणतात. “ऑफ तास.”

ते तिच्या मांडीवरचं टाचण घेतात. खिशातून खोडरबर काढतात आणि उजवा रकाना खोडायला लागतात. जोर न लावता, कागद न चुरगाळता, चुकलेली रेघ खोडताना पोरांच्या मागे उभं राहून खोडायचे तसं. ‘हलके वाटेल’ जातं. ‘मोकळेपणाने’ जातं.

“सर, हेडसर सही करायचे नाहीत.”

“मग डावीकडं जास्ती लिवा.”

“आरतीला काय सांगू?”

“मला काय विचारता? मी मेलोय.” पीस काढून ते चुरा हळूहळू कोपऱ्यात सारतात. “रंगपेटी कुठाय तिची?”

“माझ्या कपाटात.”

“झाकण नीट लागलंय काय बघा. उघडं ऱ्हायलं की रंग तडकतात.”

ती म्हणायला जाते की बघते, सर, पण कुठेतरी किल्ल्या वाजतात, पाणी ओसरतं, आणि पायाखाली फरशी लागते.

“मॅडम, कुलूप लावू काय?” दाराबाहेरून शिपाई विचारतोय.

रोहिणीचा गाल कागदावर आहे. मान अवघडलीय, हाताला मुंग्या आल्यात. खिडकीतलं ऊन टेबलावरच्या केळ्यांवर आलंय. मेणाची केळी, एकूण एक जागेवर. ती डोकं उचलून टाचण बघते.

उजवा रकाना कोरा आहे. उजेडाला तिरका धरला तर तिच्याच अक्षरांचे वळ दिसतात, एवढंच. खोडरबर तिच्याच हाताशी पडलाय, तेव्हा झोपेत आपणच खोडलं असणार, असं ती स्वतःला समजावते. दमलेलं माणूस काय वाटेल ते करतं. पण खोडल्यावर फुंकर मारायची तिला लहानपणापासूनची सवय आहे, जागेपणी काय आणि झोपेत काय. आणि इथे कागदाच्या कोपऱ्यात चुऱ्याची छोटी, नीट सारलेली रास आहे.

ती बराच वेळ त्या राशीकडे बघत राहते. मग पेन्सिल घेते आणि डाव्या रकान्यात लिहिते: सर गेले त्या दिवशी शाळा सोडल्यावर मी दळण टाकलं आणि झोपले, मला बरं वाटलं, हे आधी मी सांगेन. मग विचारेन, तुम्ही काय केलंत. आरतीची रंगपेटी टेबलावर असेल. ती कुणी उचललीच पाहिजे असं नाही.

उजवीकडे ती काही लिहीत नाही. सही नाही झाली तर नाही झाली.

“मॅडम? लावू ना कुलूप?”

“थांबा थोडं,” ती म्हणते. “माझा ऑफ तास आहे.”

शनिवारी दुपारी कसला ऑफ तास, असं शिपायाच्या मनात आलं असेल, पण तो किल्ल्या खिशात घालून पायरीवर जाऊन बसतो. इकडे रोहिणीला रडू यायला लागलंय. आषाढापासूनचं आहे, थोडक्यात आवरणार नाही, हे तिला कळतं. पहिला हुंदका यायच्या आधी ती टाचण तसंच ठेवून तोंड बाजूला वळवते, तो चुरा उडू नये म्हणून.