दस्तगीरचा डावा पाय

दस्तगीरचा उजवा पाय गुणाचा होता. सगळं वाटोळं केलं ते डाव्यानं.

शहात्तर साली पलूसकडच्या आमच्या गावात मोटार एकच, ती दस्तगीर मुलाणीची. कुण्या डॉक्टरनं वापरून टाकलेली, काळी, एका दाराला आतनं सुतळी. अडलेली बाळंतीण असू द्या, साप चावलेला गडी असू द्या, दस्तगीरच न्यायचा. पण खोड एक वाईट. डावा पाय कायम क्लचवर. उंबऱ्यावर पाय ठेवून गप्पा हाणणारी माणसं असतात ना, तसा. त्या वजनानं क्लचची आतली प्लेट रोज थोडी थोडी झिजत गेली, आणि एक दिवस चढाला इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. चाकं जागची हलंनात.

दोन महिने गाडी दारात उभी. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. दस्तगीर दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाऊ लागला. बायको शमशाद म्हणायची, "त्यो पाय कापून टाका, पर गाडी हलवा."

शेवटी इस्लामपूरच्या अर्जुना मिस्त्रीनं कुठनंतरी नवी प्लेट पैदा केली आणि बसवताना दम भरला.

"हे बघ दस्तगीर, नव्या प्लेटीला महिनाभर तरी जप. पाय दाबला की सोडायचा, वर ठेवायचा न्हाई. क्लच अर्ध्यावर धरून गाडी रेंगाळवायची न्हाई. चढाला मानसं उतरीव. बेताबेतानं घासून एकदा बसली की मग काय भ्या न्हाई. पर आत्ता जाळलीस, तर दुसरी मला गावायची न्हाई. मग खुरपंच हाय तुला."

"पायाला सवय लागलीया रं."

"मग बांधून घाल त्येला."

दस्तगीरनं जवळजवळ तेच केलं. डाव्या पायाची मांडी घालून गाडी हाकू लागला. गिअर बदलण्यापुरता पाय खाली, काम झालं की परत मांडीत. लोक म्हणायचे, "गाडी हाकतूयस का पंगतीला बसलायस?" चढ आला की तो सगळ्यांना उतरवायचा. पलूसला दवाखान्यात निघालेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं विचारलं, "आवं, चार पावलं जमतील का?" म्हातारा म्हणाला, "चालाया येत असतं, तर तुझ्या गाडीत कशाला बसलो असतो, मुडद्या?" पण दस्तगीरनं त्यालाही हात धरून चालवलाच.

प्लेट बसत आली होती. पायाला कळत होतं ते. आणि तेवढ्यात सुभेदार हंबीररावांच्या पोराचं लगीन निघालं.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो, त्याला परण्या म्हणतात. गावानं आजवर परण्या घोड्यावरनंच बघितलेला. सुभेदारांनी फौजेत मोटारी बघितलेल्या, त्यांना घोडा नको, मोटारच पाहिजे झाली. दस्तगीरनं ऐकलं आणि त्याला घाम फुटला. परण्या म्हणजे हलगी-लेझमीच्या मागनं पावला-पावलानं जायचं. दारोदार थांबायचं, बायका ओवाळणार, घोड्याच्या पायांवर ओततात तसं चाकांवर पाणी ओतणार, की परत निघायचं, दर खेपेला क्लच. त्यात आमचा मारुती टेकावर.

तो सुभेदारांकडं नाही म्हणायलाच गेला होता. पण दारात त्यांची आई, मनुबाई. दस्तगीरची आई तो रांगत असताना गेली, तवापासनं तो हिच्याच चुलीपुढं जेवून वाढलेला.

"आलास व्हय? नातू तुझ्याच गाडीत बसवायचा बघ. मीबी बसणार हाय, करवल्यांसंगं."

"व्हय मावशी," दस्तगीर म्हणाला.

परण्यादिवशी नवरदेव, दोन करवल्या आणि मनुबाई आत, दोघे पाव्हणे बॉनेटवर. दस्तगीरनं सुभेदारांना हळूच सुचवलं, "इंजिन बंद ठिवतो. पोरं ढकलत्याल. झ्याक जाईल."

"ढकलत? सोयरं बघत्यात, गड्या. भंगारात घालून नवरा आणला म्हणत्याल. आवाज आला पायजे इंजिनाचा."

सपाटीला त्यानं एक युगत काढली. गाडी उभी ठेवायची, लेझीमवाले लांब जाऊ द्यायचे, मग एका दमात त्यांना गाठायचं. पण हलगीवाल्यांना वाटलं मोटार मागं पडली. ते माघारी येऊन नाकासमोरच नाचायला लागले. दस्तगीरनं हॉर्न दाबला. त्यांना तो ताल वाटला, आणखी चेव आला.

मग टेक लागलं. हातब्रेक नावालाच होता. गाडी मागं घसरली असती तर मागं कळशा घेतलेल्या बायका. थांबून निघावं तर पुढं हातभर जागा नाही. दस्तगीरनं मांडी मोडली. डावा पाय खाली आला आणि जुन्या जागी, अर्ध्यावर, जाऊन बसला. गाडी तशीच तरंगत इंच इंच चढू लागली.

"कुणाची तरी भाकरी करपली गं," मनुबाई म्हणाली.

"भाकरी न्हाई, मावशी," दस्तगीर म्हणाला. "माझंच करपतंय."

अर्ध्या टेकावर इंजिन गरजलं आणि गाडी हलायची थांबली. चाकांखाली धोंडे लावले. सुभेदार घामाघूम होऊन खिडकीशी आले. "काय झालं?"

"झालं," दस्तगीर म्हणाला.

आता ढकलायची तर सोयरे बघत होते. सुभेदार दोन्ही मुठी आवळून ओरडले, "माझी खिलारं आणा रं!"

बैलं झुलीसकट आली. बंपरला जाड दोराचा सोल बांधला. मोटारीला बैलं जुंपलेली बघून गावाला असा हुरूप आला, की हलगी दुप्पट कडाडली. सोयरे तोंडात बोटं घालून बघत राहिले. बायकांनी चाकांवर ओतलं तसं खुरांवरही पाणी ओतलं. दस्तगीर नुसतं स्टेअरिंग धरून बसला होता. पाय मोकळे होते दोन्ही.

"बघ कसा थाट झाला," वर पोचल्यावर सुभेदार म्हणाले. "उगं तोंड पाडून बसू नगंस. जेवाय चल."

मनुबाईनं त्याला जवळ बसवून वाढलं. तो जेवला.

अर्जुना येऊन जळक्या प्लेटीचा वास घेऊन गेला. गाडी परत दारात लागली, कोंबड्या परत आत शिरल्या. दस्तगीर उसात खुरपत असताना एक दिवस कडेगावकडनं आप्पासो नावाचे एक पाव्हणे बांधावर येऊन उभे राहिले.

"आमच्या पोराच्या परण्याला तुझी मोटार पायजे."

"आवं, क्लच गेलाय. चालत न्हाई ती."

"चालायला कशाला पायजे? सुभेदाराचा परण्या बघितलाय आमी. बैलं आमची हायती. तू फकस्त आत बसायचं."

दस्तगीरनं खुरपं खाली ठेवलं. हाताची माती झटकली. आपल्या डाव्या पायाकडं एकदा बघितलं.

"मारुती कुठं हाय तुमचा?" त्यानं विचारलं. "चढाला का सपाटीला?"